दिव्याला तीन कान

लोक त्यांना गाडीचे डोळे म्हणतात.
मी नाही म्हणत.
डोळ्याला कान नसतात
आणि ह्याला असतात, तीन,
पत्र्याचे, भोकं पाडलेले.
बासष्टच्या मॉडेलला एका जागी, एकाहत्तरच्याला दुसऱ्या.
सगळं भांडण करंगळीच्या पेराएवढं.

टिपणीसांची फियाट.
पहिल्यांदा चरईतून ढकलत आणली होती चौघांनी.
आता सीट कुठल्या तरी मोटारीच्या,
स्टिअरिंग तिसऱ्याच गाडीचं,
रंग त्यांच्या मिसेसनी निवडलेला, कच्च्या कैरीचा.
बॉडी तेवढी बासष्टची.
"दिवे एकाहत्तरचे बसव," म्हणाले,
"घोडबंदरला रात्री पुढचं काही दिसत नाही."
मी म्हटलं, काका, पुढचं कुणाला दिसतंय?
ते हसले नाहीत.

जोडी मिळाली तुर्भ्याला, शकूरभाईच्या भंगारात.
एक दिवा चकचकीत.
दुसऱ्याच्या वाटीत कुंभारणीनं घर बांधलेलं,
मातीचं, चार खोल्यांचं,
शेवटच्या खोलीला दार लावायचं राहिलेलं.
ती गाडी किती वर्षं हलली नाही
याची नोंद आरटीओत नसेल,
हिच्याकडे होती.
शकूरभाई म्हणाला, झटकून देऊ?
नको म्हटलं. तसाच दे.

स्क्रूंना रात्रभर रॉकेल पाजलं.
वायरीचं कापडी वेष्टण बोटात भुगा झालं.
रिंग सुटली तेव्हा आत
पाव वाटी माती, एक तांब्याचा पैसा,
आणि मूळचा रंग: राखाडी,
जो टिपणीसांच्या मिसेसनी कधी पाहिलाच नव्हता.

दोन कान बसले. तिसरा बसेना.
अशा वेळी पोरं ड्रिल उचलतात.
माझा उस्ताद रेमेद, उत्तनचा, सांगायचा,
गाडीला भोक पाडू नको, दिव्याचा कान घास.
गाडी राहणार आहे, दिवे येतील-जातील.
उद्या कुणाला बासष्टचेच हवे झाले तर?
म्हणून घासला. कानस, पाणी, फुंकर,
पुन्हा लावून बघ, पुन्हा काढ.
वागळे इस्टेटीतली जेवायची सुट्टी होऊन गेली,
माझा डबा तसाच.

दिवे लावून बघायला समोरची भिंत आहे,
बंद कंपनीची.
पंचवीस फुटांवर गाडी, भिंतीवर खडूची फुली.
सव्वीस वर्षं त्या फुलीकडे बघतोय.
फुलीच्या वर बघायचे पैसे कुणी देत नाही.

टेम्पो गेले, अंधार पडला, बटण दाबलं.
जुना दिवा ताटात आमटी सांडावी तसा सांडायचा,
सगळीकडे सारखा.
हा नवा कापून पडला.
आणि घासलेल्या कानामुळे डावा दिवा
जरा मान वर करून बसलेला;
उजेड फुली सोडून वर गेला,
चुन्याच्या तीन थरांखालून अक्षरं निघाली,
हातभर उंच, गेरूची:
कामगार एकजुटीचा वि
पुढचा गिलावा पडलेला.

मी म्हटलं, काका, बघा.
ते बघतच होते.
इंजिन चालू, बॉनेटवर हात.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"मी तेव्हा आत होतो. गेटच्या आत. टाइम ऑफिसात."
मी काही विचारलं नाही.
हेही म्हटलं नाही की माझा मामा बाहेर होता,
आणि नंतर त्यानं उल्हासनगरला
शेंगदाणे भाजायची भट्टी टाकली.

"थोडा खाली घे," म्हणाले.
"समोरच्याला त्रास होईल."
नियमानं बरोबरच होतं त्यांचं.
स्क्रूला अर्धा फेरा दिला.
अक्षरं गेली,
फुली आली.

गाडी गेली कॅडबरीच्या दिशेनं,
लांबून कुठल्या सालची ते ओळखू येत नव्हतं.

जुनी जोडी पेपरात गुंडाळून फळीवर ठेवलीय,
वर खडूनं बासष्ट, टिपणीस.
शेजारी कुंभारणीचं घर, अख्खं निघालं.
गिऱ्हाईक उचलून बघतं,
विचारतं, हा पार्ट कुठल्या मॉडेलचा?