जांभळ्याचं पिवळं होताना

बाबांनी तोलगाहून पाठवलेल्या पिशवीवर
कोळशानं लिहिलंय : जुलीखा, विद्यापीठ, बिस्क्रा.
आत चार पुड्या. खजुराचं एकच झाड,
आठवडे वेगवेगळे.
हिरवी, पिवळी, अर्धी मऊ पडलेली,
आणि ती, उन्हासमोर धरली की
आतली बी दिसते अशी.

फोनवर म्हणाले, पिवळी कशाला गं?
जीभ खरवडून निघते,
आपली म्हातारी शेळीसुद्धा तोंड फिरवते.
म्हटलं, त्या तुरटपणासाठीच.

वाळवलं, दळलं, रात्रभर मिथेनॉलमध्ये भिजवलं,
गाळलं, आणि थेंब थेंब सोडलं
जांभळ्या पाण्यात.

या पाण्यातला रेणू अस्वस्थ.
एक इलेक्ट्रॉन सुटा, बिनजोडीचा,
त्यामुळे जो भेटेल त्याच्या खिशात हात.
असलेच भटके आपल्या रक्तातही हिंडतात,
धक्का लागेल तिथे थोडा गंज ठेवून जातात.
फळातली तुरट द्रव्यं त्याला म्हणतात, घे.
देतात, आणि तरी
मोडून पडत नाहीत. निदान लगेच नाही.
मग जांभळं निवतं. पिवळं होतं.

अर्धा तास अंधार हवा.
नळ्यांवर मी बाबांचा जुना शेश टाकते,
तोच, जो डोक्याला गुंडाळून ते चढायचे
अनवाणी, दातांत विळा धरून, थेट शेंड्यापर्यंत.
आता उजवा गुडघा वाकत नाही.
चढतो शेजारचा लामीन,
आणि हे खालून ओरडतात :
तो घड नको, त्याच्या पलीकडचा!

शेश उचलला.
हिरवीची नळी लिंबाच्या सालीसारखी,
पिवळीची तिच्या मागोमाग,
मऊची जरा घुटमळलेली.
आणि ती देखणी, पारदर्शक,
खोक्यात निजून समुद्रापार जाणारी,
तिची नळी अजून बरीचशी जांभळी.

गोडी आली की तुरटपणा जातो
हे त्यांनी मला चालायच्या आधी शिकवलं होतं.
त्याच्यासोबत आणखी कोण उठून जातं
ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पाचवी नळी ठरलेली नव्हतीच.
चाळणीवर बिया उरल्या, टाकवेनात,
म्हणून दळल्या. यंत्र किंचाळलं,
एक पातं बोथटलं, साहाय्यक रागावला.
त्या नळीत जांभळ्याचा मागमूस नाही.
वहीत आकडा दोनदा खोडून
तिसऱ्यांदा तोच लिहिला.

मग मी बिया खाऊ? बाबा म्हणाले. गुडघा सुटेल?
म्हटलं, नळीत घडतं ते
गुडघ्यात घडेलच असं नाही, बाबा.
पलीकडे बराच वेळ नुसतं पाटाचं पाणी ऐकू आलं.

बिया तर आपण शेळ्यांना घालत आलो, ते म्हणाले.
तरीच.
ती म्हातारी अजून कुंपणावरून उडी मारते.

पुडीत एक पिवळी शिल्लक होती.
खाल्ली. लाळ आटली, जीभ आखडली,
पाणी न पिता तशीच बसून राहिले.