पावतीपुस्तक

पन्नास पानांचं पुस्तक, अप्पा बळवंत चौकात छापलेलं.
घाईत एक काना राहिला,
घरकामगार संघटनेची झाली घरकमगार.
तो काना मी प्रत्येक पावतीवर पेनानं देते,
आधी काम, मग रक्कम.

दानापूरची गाडी, दोघी, जाऊन-येऊन, साधा स्लीपर:
तीन हजार एकशे ऐंशी.
पाटण्याला देशभरच्या संघटनांचं अधिवेशन आहे.
हौसाबाई धिवार बोलणार,
नजमा तांबोळी सोबतीला, म्हणजे हिंदीला.
हौसाबाईंचं हिंदी भाजीवाल्यापाशी सुरू होतं
आणि कोथिंबीर फुकट मिळाली की संपतं.

जनता वसाहतीच्या वरच्या अंगानं सुरुवात केली,
उतरताना मागणं सोपं जातं.
गिरणीवाल्यानं वीस दिले,
नोटेवर पिठाचं अख्खं बोट.
फरशी बसवणारा छोटेलाल, त्यानं पन्नास दिले,
आणि आईसाठी एक स्वेटर, लाल, पिशवीसकट.
गाव तिथून दोन तासांवर आहे, मामा स्टेशनवर येऊन नेईल म्हणाला.
स्वेटरची पावती कशी फाडायची?
मी लिहिलं: स्वेटर, एक. अक्षरी: एक.

बाजीराव रस्त्यामागे पेंडश्यांकडे
नऊ वर्षं भांडी घासते मी.
काकांनी पाचशेची नोट काढली. म्हणाले, नाव नको.
मग काय घालू?
घाल, एक हितचिंतक.

काका हितचिंतक आहेत
हे नऊ वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
पगारवाढीचं काढलं
की कानातलं यंत्र हातात घेऊन
ते त्याची बॅटरी तपासत बसतात.
पण पाचशे खरे होते.
उजेडाला धरून पाहिले मी, त्यांच्यासमोर.

उचल मागताना मी दारात असते,
एक पाय बाहेर, पदर बोटाला गुंडाळलेला.
त्या दिवशी पावती लिहायला टेकू हवा होता
म्हणून आत जाऊन खुर्चीवर बसले.
बसल्यावर कळलं, बसलेय.
काकूंनी पाणी आणलं.
पेला कुठला आणला ते मी पाहिलं.
त्याला पावतीवर रकाना नाही.

हौसाबाईंची सून रूपाली, तिनं रुपया दिला नाही.
अधिवेशनात जेवायला तरी घालतात का, एवढंच विचारलं.
पण सहा दिवस सासूची चार घरं तीच करणार,
स्वतःची तीन उरकून.
बोटांना कार्बनची निळाई लागलेली,
पुस्तक मांडीवर, आणि माझ्याकडून
तिच्या नावाची पावती फाडायचीच राहिली.

सोमवारी रक्कम पुरी झाली. वर अकरा रुपये.
मग पाटण्याहून फोन: प्रत्येकी तीन मिनिटं, जास्त नाही.
नजमानं तिथंच भागाकार केला,
मिनिटाला एक हजार साठ.
म्हणजे पेंडश्यांकडची महिन्याची भांडी, मी म्हणाले,
वर साठ रुपये.
कुणी हसलं नाही, मग सगळ्याच हसलो.

रात्री नळावर, रिकाम्या हंड्यांपुढे
हौसाबाई बोलून पाहतात.
नजमाच्या मोबाईलवर घड्याळ.
चार मिनिटं दहा सेकंद.
काय कापायचं?
आजारपणाची रजा कापायची नाही,
चोरीचा आळ कापायचा नाही,
जिन्याखालचा संडास तर नाहीच नाही.
‘व्यासपीठावरील सर्व सन्माननीय’ काढा, हौसाबाई म्हणाल्या,
मी त्यांच्यातल्या कुणाला ओळखत नाही.

तीन मिनिटं दहा सेकंद.

पुन्हा बोलल्या. पुन्हा तेवढंच.
राहू द्या, म्हटलं.
दहा सेकंदांचे होतात एकशे सत्त्याहत्तर,
अकरा आहेत हातात.
पुस्तकात अजून चार पानं कोरी आहेत.
उद्या कुणाकडे तरी मागते.