खपलीचं पान

माझं काम रोग जगवायचं.
महाबळेश्वरी, जाळीच्या खोलीत,
कुंड्यांतून गहू लावायचा,
नाजूक जातीचा, कशालाच हरकत न घेणारा,
आणि त्याच्यावर ब्रशने तांबेरा झटकायचा.
चौदाव्या दिवशी पानं विटकरी होतात.
बोट फिरवलं तर बोटही.
घरी भाकरी थापताना नखांत बघते,
उगाच.

बाहेर जुलै. कोंडिबा ढेबे
भिंतींना गवताच्या झड्या बांधून गेलाय.
जाताना म्हणाला, बाई, ह्ये गवात म्हंजे
तुमच्या गव्हाचा चुलतभाऊच की,
मग ह्येला कसा न्हाय लागत तांबेरा?
बघून सांगते, म्हणाले.
अजून सांगितलेलं नाही.

मामेभावाने वाळव्याहून खपलीचं बी पाठवलं होतं,
चिवड्याच्या डब्यात.
त्याच्या चार कुंड्या शेवटच्या फळीवर.
तोच तांबेरा, तेच धुकं, त्याच ब्रशचे केस.
सोळा दिवस झाले, आणि पानांवर
नुसते फिकट ठिपके,
सुई टोचून काढून घेतल्यासारखे.

बटाट्याच्या फोडीत पान धरून
वस्तऱ्याच्या पात्याने काप काढले.
पंचवीस काढावेत तेव्हा एक नीट येतो.
काचेवर ठेवला, रंग सोडला.

तांबेरा दार फोडत नाही.
श्वासाला जे भोक पान उघडं ठेवतं
त्यातूनच येतो, पाहुण्यासारखा, चपला काढून.
आत आल्यावर मग
एकेका पेशीच्या भिंतीला बोट लावून बघतो
कुठे भुसभुशीत आहे.
आमच्या नाजूक गव्हात ते बोट सरळ आत जातं.

खपलीत मात्र जिथे टेकलं
नेमकं तिथेच, आतून,
कुणी घाईघाईने लिंपून ठेवलेलं.
ओबडधोबड एक गोळा.
भोवतीची भिंत पिकलं करवंद फोडल्यासारखी लाल,
म्हणजे लाकूड.
एवढ्याशा पानात, चिमूटभर लाकूड.
एका जागी लिंपण पुरलं नव्हतं.
तिथली पेशी आपणहून मेलेली, तपकिरी,
आणि बोट तिच्यातच अडकून वाळलेलं.

काही भिंती मुळातच जाड असतात, हे ठाऊक होतं.
काही ऐनवेळी होतात, हे वाचलं होतं.
चहा थंड झाला.

मामेभावाला फोन केला.
व्हय गं, म्हणाला, पण काड म्हैस खात न्हाय त्याचं.
चघळती आन् टाकती.
दुसऱ्या गव्हाचं घालतो तिला,
निम्मं तांबेऱ्यानं गेल्यालं, पण मऊ.
पुढे बराच वेळ म्हशीबद्दलच बोलला.

नोंदवहीत शून्य लिहिलं, पुढे अर्धविराम.
आमच्यात ठिपक्याची खूण तीच:
आला होता, थांबला;
पोतनीस साहेबांनी न बघता सही केली.

निघताना झडीतली एक काडी ओढली
आणि करंगळीशेजारचं बोट चर्रकन कापलं.
गवताच्या भिंतीत वाळू असते, काचेची सख्खी बहीण,
मातीतून प्यालेली, कडेकडेने रचलेली.
कोंडिबा विचारेल तेव्हा
बोट दाखवीन.

उद्या नाजूक गव्हाच्या नव्या सहा कुंड्या भरायच्या आहेत.
जुन्या पानांवरचा तांबेरा
दोन दिवसांत उपाशी पडेल.