लोणकढी

हेल्दुर कांग्रो, वय एकसष्ट.
टार्टूजवळच्या डेअरीत सदतीस वर्षं
साय वेगळी काढायच्या यंत्रावर.
घड्याळ निघालं, पट्टा निघाला,
अंगठी साबण लावूनही निघेना.
सोनं आहे, राहू द्या, मी म्हटलं.

आडवं होताना विचारलं त्यानं,
"हेही गरगर फिरवतं?"
तुम्हाला नाही. तुमच्यातल्या पाण्याला.
"आणि चरबीला?"
तिलाही. ती जरा मागे रेंगाळते.
"आमच्याकडेही," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

बाहेर उणे एकोणीस. नदी थिजलेली.
काचेअलीकडे मी, आणि रात्रपाळीची नवी डॉक्टर केर्तु.
पडद्यावर मेंदूच्या मधोमध,
दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या पुलाच्या पाठीवर
पांढरा डाग.
"रक्त," केर्तु पुटपुटली. हात फोनकडे गेला.

थांब.
डाव्या कडेला बघ, काळी रेघ,
काजळाच्या काडीनं ओढल्यासारखी.
उजवीकडे पांढऱ्यावर पांढरं, दुप्पट.

या यंत्राला जागा दिसत नाही, ऐकू येते.
कोण कुठल्या पट्टीत गुणगुणतं
त्यावरून ते ठरवतं कोण कुठे राहतं.
चरबीचा सूर पाण्याहून उतरलेला,
दहा लाखांत साडेतीन भाग, बस.
तेवढ्यानं तिचा पत्ता चुकतो.
दोन-तीन ठिपके सरकून
ती शेजाऱ्याच्या अंगणात उभी राहते;
मागे रिकामी फट,
पुढे दोघांची दाटी.
रक्ताला हे जमत नाही.
रक्त पाण्याच्याच सुरात.

वीस वर्षं मी अशा रेघा पुसत आले.
खोट आहे, घालव, असंच शिकवलं होतं.
डोळ्यांत तेल घालून घालवल्या.
आज मुद्दाम दिशा फिरवली,
आडव्याची उभी केली,
तर रेघ डावीकडून उठून
डागाच्या डोक्यावर जाऊन बसली.
खरी कड अशी कूस बदलत नाही.
मग चरबीचा तेवढा सूर बंद केला.
डाग विझला.

केर्तुनं फोन खाली ठेवला.
यंत्राची लोणकढी थाप,
आणि तिच्यातच कढलेलं लोणी.

आईच्या पोटात असताना
एक पातळ पापुद्रा विरघळून जायचा होता,
तो तिथेच राहिला. वाढत नाही.
कापायचा नाही.
डोकेदुखीचं कारण दुसरं शोधू,
बहुधा चष्मा.

हे सगळं केर्तुनं त्याला सांगितलं,
बुटांच्या नाड्या बांधत होता तेव्हा.
तो थोडा वेळ गप्प.
मग विचारलं, "किती टक्के?"
केर्तुला कळेना.
"सायीत पस्तीस असतात. लोण्यात ब्याऐंशी."
मोजलं नाही, ती म्हणाली.

टोपी घालण्याआधी त्यानं
पडद्यावर बघून
टाळूवर बोट टेकवलं.
"इथे?"
मी त्याचं बोट धरून
किंचित सरकवलं.