सत्तेचाळिसावा उमेदवार

एकवीस हिवाळे मीच त्यांना दारात घेतलं.
पार्किंगची चिठ्ठी, दुसऱ्या मजल्याचा नकाशा,
बेगलचं खोकं, आणि सूचना:
डुलुथची टेकडी उतरताना ब्रेक दाबून धरू नका.
बूट पाहूनच कळायचं, हा दक्षिणेकडचा.
लिफ्टमध्ये झाडूवाल्या ऑर्व्हिलला
कोण गुड मॉर्निंग म्हणालं नाही, तेही कळायचं.
यादी करायला बसल्या की डॉक्टर टेस्डाल हळूच विचारायच्या,
"व्हर्ना, ऑर्व्हिल काय म्हणतो?"

या वर्षी दार म्हणजे एक निळं बटण.
"वेटिंग रूममध्ये नऊ जण," पडदा सांगतो,
आणि खाली, खऱ्या वेटिंग रूममध्ये,
खुर्च्यांवर आडव्या पट्ट्या चिकटवल्यात,
कुणी बसू नये म्हणून.

नऊ चौकटी. नऊ कोट.
कोटाखाली काय, ते विचारायचं नाही.
एकीच्या मागे नुकती रंगवलेली भिंत.
एकाचा बाप कपड्यांची टोपली घेऊन
वाकून, चोरासारखा, कडेकडेने गेला
आणि तरी अख्खा दिसला.
उंची सगळ्यांची सारखीच.

सत्तेचाळिसावा अमादो केसाडा, लास क्रूसेसचा.
टेस्डालबाईंनी ठेवणीतला प्रश्न काढला:
"हातून सुटलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल सांगा."
त्याने श्वास घेतला, आणि छतातल्या स्पीकरमधून
कोड ब्लू, चौथा मजला, पूर्व.
बाई उठल्या. खुर्ची फिरत राहिली.
अर्धं खाल्लेलं बिस्किट, चष्म्याचं घर.
कॅमेऱ्याला काय कळतं,
तो त्या खुर्चीलाच मध्यभागी धरून बसला.

नियम असा, की उमेदवाराशी मी
वेळापत्रकापलीकडे बोलायचं नाही.
चार मिनिटं पाळला.
मग तो म्हणाला, "पोचल्या असतील का त्या?"
"जिना जवळ आहे."
"किती पायऱ्या?"
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"अडतीस," मी म्हटलं. खोटं नाही,
लिफ्ट बंद पडली की मी मोजते.

बाहेर काहीतरी खरवडत होतं.
"बर्फाचा नांगर," मी सांगितलं.
त्याने बर्फ पाहिलेला, पण लांबून, डोंगरमाथ्यावरचा.
आता नियम मोडायचाच तर नीट मोडावा.
आमच्याकडे सहा मिनिटांची फिल्म आहे,
उन्हाळ्यातली, ड्रोनने काढलेली,
कॉरिडॉर चकाचक, खाट एकही नाही.
ती लावली नाही. लॅपटॉप उचलला,
वायर ताणून खिडकीशी नेला,
काचेवरची वाफ बाहीने पुसली.
नांगराचा पिवळा दिवा, मागे तळं
(तळं आपलं म्हणायचं, पलीकडचा काठ दिसत नाही),
आणि मागच्या दाराशी तो पांढरा ट्रक,
आतून थंड ठेवलेला, नोव्हेंबरपासूनचा.
तो चौकटीबाहेर ठेवायला हवा होता मी.
त्याने पाहिला. विचारलं नाही.

बाई आल्या. नाकावर मास्कचा वळ.
"कुठे होतो आपण?"
"हातून सुटलेल्या गोष्टीवर," तो म्हणाला,
आणि मग दोघंही बोलेनात.
त्या मिनिटाचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे
ते फॉर्मात नव्हतं.

फेब्रुवारीत यादी करताना बाईंच्या तोंडून
सवयीने निघून गेलं, "व्हर्ना, ऑर्व्हिल..."
आणि त्या थांबल्या. लॉकर रिकामं होऊन
तेव्हा तीन आठवडे झाले होते.
मी म्हटलं, "सत्तेचाळिसाव्याने पायऱ्या विचारल्या."

जूनच्या अखेरीस दारात एक माणूस,
सव्वासहा फूट, चौकटीखाली मान तुकवून.
हनुवटीच्या खालचं पहिल्यांदा दिसत होतं,
नाकाच्या खालचं आता दिसत नव्हतं.
"व्हर्ना?" मास्कमधून.
मी पार्किंगची चिठ्ठी दिली.
नकाशा यंदा छापलाच नव्हता.
"लिफ्ट डावीकडे," मी सांगेपर्यंत
तो जिना चढायला लागला होता.
थोड्या वेळाने वरून हाक आली,
"एकोणचाळीस!"

संध्याकाळी जाऊन मोजल्या मी. दोनदा.
अडतीसच आहेत.
तो वरचा उंबरा धरतो.