‘द’ कुठे लावायचा

सोहारच्या यार्डात, पत्र्याच्या केबिनमध्ये
मी अपघाताचा अहवाल लिहितोय.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
‘वर्कर फेल फ्रॉम लॅडर.’
राया मॅडमनी दोन जागी लाल खुणा केल्या.

पहिल्यांदा आला की ‘अ’, म्हणाल्या,
कोणी एक, अनोळखी.
पुन्हा आला की ‘द’,
आता तो आपल्या दोघांना ठाऊक.
त्यांचं आडनाव अल-बलुशी,
‘द’ घरातच बसलेला, पाट मांडून.

आम्हाला गुहागरला सर सांगायचे,
जिथे कानाला बरा वाटेल तिथे लावा.
माझ्या कानाला तो कुठेच बरा वाटला नाही.

ओमानला नको, अमिरातीला हवा.
आखाताला तर हवाच.
जगात आखातं असतील पुष्कळ,
पण आमच्याकडे ‘गल्फला असतो’ म्हटलं
की कुठल्या, असं कुणी विचारत नाही.

मग लिहिलं, ‘अ वर्कर फेल फ्रॉम अ लॅडर.
द लॅडर वॉज ओल्ड.
द वर्कर इज स्टेबल.’
मधली ओळ मॅडमनी खोडली.
व्याकरणाची चूक नव्हती, त्याच म्हणाल्या,
आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

म्हणजे भिकाजी शिगवण
दुसऱ्या ओळीत ओळखीचा झाला.
चार वर्षं माझ्या वरच्या बंकवर झोपतो,
झोपेत कॅरमचे पॉइंट मोजतो,
सुक्या जवळ्याची बरणी उशाखाली ठेवतो
आणि कुणाला माहीत नाही असं समजतो.
एवढं सगळं त्या एका अक्षरात
मावेना.

रात्री सुलभावहिनींचा फोन.
‘हे जेवले का?’
‘हे.’
नाव नाही, आडनाव नाही,
आधी कोणी एक होऊन यावं लागलं नाही त्याला.
म्हटलं, जेवले. घोट्याला प्लास्टर आहे.

अरबीत सूर्याआधीच्या ‘अल’मधला ल
लिहायचा, पण म्हणायचा नाही,
हेही मॅडमनीच शिकवलेलं.
मी उलटं केलं.
जे लिहिता आलं नाही ते फोनवर म्हटलं:
वहिनी, शिडी जुनी होती.

‘ती होय?’ वहिनी म्हणाल्या.
‘ह्यांनी सांगितलं होतं, गणपतीत आले तेव्हा.’