उघाडी

आवेइरोच्या खाडीकाठी माझं औषधांचं दुकान आहे.
दारावर हिरव्या क्रुसाचा दिवा, तराजू आता नुसता शोभेचा,
आणि काउंटरच्या मधोमध एक खळगा,
माणसांनी कोपरं टेकून टेकून पाडलेला.

लुदोविना दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येते,
मिठागरातून थेट.
बूट बाहेर घासते, तरी ती गेल्यावर
फरशीवर वाळतात तिच्या पावलांचे पांढरे काठ.

चिठ्ठ्या दोन असत.
एक कोइंब्राच्या डॉक्टरांची:
टॅमॉक्सिफेन, रोज एक, पाच वर्षं,
डावीकडे जिथे आता नुसता व्रण आहे
तिथून काही परत येऊ नये म्हणून.
दुसरी गावातल्या डॉक्टरीणबाईंची:
पॅरॉक्सेटिन,
रात्री अंगातून उठणाऱ्या वाफांसाठी,
आणि त्या सकाळींसाठी,
जेव्हा एक बूट पायात, एक हातात
अशी ती दुपारपर्यंत बसून राहायची.

दोन्ही खोकी मी एकाच पिशवीत घालायचे.
चौदा महिने.
वर हाताला लावायचं मलम, माझ्याकडून.

मग शिकाऊ टेल्मोनं, खोकी लावता लावता, विचारलं,
"दोना ग्रासिंदा, ही दोन एकत्र चालतात?"
मी हो म्हणायला तोंड उघडलं
आणि ते तसंच राहिलं.

लुदोविनाला काय सांगणार?
यकृत, विकर, नावापुढचे आकडे?
म्हटलं, तू खाडीचं पाणी आत घेतेस
ते काही मीठ नसतं.
या कोंडीतून त्या कोंडीत, उन्हातून उन्हात,
शेवटी कुठे फावड्याला लागतं.
तुझी पहिली गोळी तशीच आहे.
यकृत तिला आटवतं, तेव्हा ती कामाची होते.
आणि ही दुसरी...

"उघाडी लावून घेते," ती म्हणाली.

पुरती नाही, म्हटलं. बरीचशी.

"म्हणजे चौदा महिने मी पाणीच पीत होते?"

माहीत नाही. खरंच माहीत नाही, लुदोविना.
कुणी लिहितं, धोका वाढतो.
कुणी लिहितं, मोजून पाहिलं, फरक दिसला नाही.
मी दोन्ही वाचलंय. काल रात्रभर.

तिनं खळग्यात कोपर ठेवलं.
ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, "या चौदा महिन्यांत
मी दोन हंगाम मीठ ओढलं.
नातीला पोहायला शिकवलं.
नवरा गेल्यावर पहिल्यांदा मासा तळला, एकटीसाठी.
ते कुठल्या गोळीनं?"

टेल्मो उगाच कपाट पुसत होता.

मग मी फोन केले.
दोन डॉक्टर, एकाच बाईचे,
एकमेकांचं नाव पहिल्यांदा ऐकत होते
आणि मध्ये मी, वायरचं टोक बोटाला गुंडाळून.
कुणी कुणाला दोष दिला नाही.
मला तो हवा होता, निदान माझ्या वाटणीचा.

ठरलं: पॅरॉक्सेटिन हळूहळू उतरवायचं,
त्याच्या जागी व्हेन्लाफॅक्सिन चढवायचं;
ते उघाडीला फारसं हात लावत नाही.
आजच का नाही बंद करायचं, तिनं विचारलं,
आणि उत्तरही तिनंच दिलं,
"हां. एकदम उघडली तर बांध जातो."

अर्ध्या गोळ्या मीच कापून देते.
सुरीच्या पात्याला पांढरी पूड लागते,
बोटानं पुसताना मिठासारखीच,
चव मात्र कडू. एकदा मी चाटून पाहिली.

मधले काही दिवस वाईट गेले तिचे.
डोक्यात वीज कडाडते म्हणाली, मान वळवली की.
एका गुरुवारी आली नाही.
मी दुकान टेल्मोवर टाकून बांधावरून चालत गेले.
ती होती, फावडं टेकून उभी,
बूट दोन्ही पायांत.
मला पाहून हात हलवला नाही, पण वळलीही नाही.

सप्टेंबरमध्ये तिची तपासणी.
मिठाचाही तोच शेवटचा महिना;
पाऊस लवकर आला तर कोंडीतलं सगळं
पुन्हा खाडीचं होतं.

आता ती पिशव्या दोन मागते.
एक उजव्या हातात, एक डाव्या,
आणि दार पाठीनं ढकलून जाते.